अवेळीचा वारा आणि ऊसतोडीचे पडाव

वादळ म्हटले की आपल्याकडील ग्रामस्थांच्या मनात वर्षाचे दोन काळ उभे राहतात. एक रोहिणी-मृगाच्या आगेमागे येणाऱ्या वळवाचा आणि दुसरा हस्त-चित्रात परतणाऱ्या पावसाचा. या दोन काळांत छपरावर दगड ठेवले जातात, कडब्याच्या गंजीला दोर आवळला जातो आणि मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. मधल्या महिन्यांत मात्र आभाळाकडे पाहण्याचे कारण उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अनुभवातून आलेला असला तरी पुरता खरा नाही. कार्तिकापासून चैत्रापर्यंतच्या कोरड्या म्हणविल्या जाणाऱ्या महिन्यांतही जोरदार वारे सुटतात, विजा कोसळतात आणि गारा पडतात. असे वारे संख्येने थोडे असतात. परंतु त्यांची कोणी वाट पाहत नसल्यामुळे त्यांची झळ अधिक बसते. ती झळ सर्वांत आधी कोणाला लागते, हे समजून घेण्यासाठी गुजरात राज्यातील कामरेज परिसराकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

तापीकाठचा प्रदेश

मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून गुजरातमध्ये शिरते आणि उकाई व काकरापार येथील बंधाऱ्यांनंतर सुरतेकडे वळते. सुरत शहराच्या अलीकडे, याच नदीच्या काठी कामरेज हे तालुक्याचे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. कालव्याच्या पाण्यामुळे या बाजूला ऊस हे प्रमुख पीक झाले असून सहकारी साखर कारखान्यांनी त्याला आधार दिला आहे. शेजारच्या बारडोलीची सहकारी साखर संस्था तर १९५५ सालापासून उभी आहे.

हा ऊस तोडण्यासाठी दरवर्षी दिवाळी आटोपली की डांग, नंदुरबार आणि धुळे या भागांतून हजारो कुटुंबे खाली उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' या नावानेच मोजले जाते. मुकादम टोळी घेऊन येतो, शेताच्या बांधावर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पडाव पडतो, आणि बांबूच्या कामट्या, प्लॅस्टिकचा कागद व उसाचे पाचट यांच्या आधाराने पाले उभी राहतात. मार्च-एप्रिलपर्यंत हेच त्यांचे घर. लहान मुले, म्हातारी माणसे आणि बैल असे सारे त्याच्याच आसऱ्याला असतात.

या पालाची बांधणी एका गृहीतावर झालेली असते: या महिन्यांत पाऊस नाही आणि वादळही नाही. बहुतेक वर्षी हे गृहीत खरे ठरते. ज्या वर्षी ते खोटे ठरते, त्या वर्षी पालातील माणसाला आडोसा म्हणून काहीही उरत नाही.

२६ नोव्हेंबर २०२३

असा एक दिवस अलीकडेच येऊन गेला. २६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता आणि कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली होती. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला होता, लग्नसराईचे मांडव पडू लागले होते. त्या दिवशी गुजरातच्या २५२ पैकी २३४ तालुक्यांत अवकाळी पाऊस झाला. सुरत, तापी, भरूच, खेडा, सुरेंद्रनगर आणि अमरेली या जिल्ह्यांतील काही भागांत सोळा तासांत ५० ते ११७ मिलिमीटरपर्यंत पाणी पडले. सौराष्ट्रात गारा पडल्या. विजा कोसळून राज्यभरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला गारपीट होऊन द्राक्षबागा आणि कांदा यांची हानी झाली.

गुजराती शेतकरी या पावसाला 'मावठुं' म्हणतात. या प्रकारासाठी तेथे स्वतंत्र शब्द रूढ आहे, यावरूनच हा पाहुणा नवखा नसल्याचे कळून येते.

यामागचे कारण अगदी सरळ आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर थंड हवेचे प्रवाह येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. एरवी त्यांचा प्रभाव हिमालयाकडे व पंजाबाकडे राहतो. परंतु त्यांची द्रोणी कधी कधी दक्षिणेकडे गुजरात-महाराष्ट्रापर्यंत उतरते. त्याच वेळी अरबी समुद्रावरून ओलसर, उबदार वारे जमिनीलगत येत असतील, तर खाली उबदार व ओली हवा आणि वर थंड हवा अशी रचना तयार होते. उबदार हवा हलकी असल्यामुळे ती वेगाने वर चढते, वर जाऊन तिच्यातील बाष्पाचे पाणी व बर्फ होते, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे गर्जन्मेघ उभे राहतात. अशा ढगाला महिना ठाऊक नसतो. खालची उष्ण ओल आणि वरची थंडी या दोन गोष्टी जुळून आल्या की तो मार्गशीर्षातही उभा राहतो.

चार प्रकारचे वारे

बोलण्यात आपण सर्वच जोरदार वाऱ्यांना 'वादळ' म्हणतो. परंतु प्रत्येकाची चाल निराळी असल्यामुळे बचावाची रीतही निराळी आहे. म्हणून चार प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिली वावटळ. ही स्वच्छ उन्हात, तापलेल्या जमिनीवरून उठते. धूळ, पाचोळा घेऊन काही मिनिटे फिरते आणि विरून जाते. तिच्या माथ्यावर ढग असण्याची गरज नसते. तिच्यामुळे मोठी हानी सहसा होत नाही.

दुसरा चंडवात. हा गर्जन्मेघातून खाली येतो. ढगातून पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचे वाटेत बाष्पीभवन होते, त्यामुळे भोवतीची हवा थंड व जड होते आणि एखादी पोती कोसळावी तशी जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. वाऱ्याचा वेग एकाएकी वाढून निदान ताशी ४१ किलोमीटरपर्यंत पोहोचला व एक मिनिट तरी टिकला, तर हवामानशास्त्रात त्याला चंडवात म्हणतात. प्रत्यक्षात हा वेग पुष्कळ अधिक असू शकतो. सुरतेपासून खानदेशापर्यंत अवेळी येणारे बहुतेक घातक वारे याच जातीचे असतात.

तिसरे घूर्णवाती वादळ, म्हणजेच टोर्नॅडो. यात गर्जन्मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत सोंडेसारखा फिरता स्तंभ उतरतो. त्याचा पट्टा अरुंद असतो, परंतु त्या पट्ट्यात काही शिल्लक राहत नाही.

चौथे चक्रीवादळ. हे समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर व्याप्ती घेते आणि अनेक दिवस जगते.

चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. त्याचे एक उदाहरण याच किनाऱ्याचे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर श्रीलंकेजवळ जन्मलेले 'ओखी' चक्रीवादळ केरळ व तमिळनाडूच्या मच्छीमारांचे बळी घेऊन अरबी समुद्रातून वर आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरतेच्या दिशेने वळले. त्याचा मार्ग आधीच कळलेला असल्यामुळे प्रशासनाला तयारी करता आली. उत्तरेकडील थंड पाणी व कोरडी हवा यांमुळे किनारा गाठण्यापूर्वीच ते क्षीण झाले. चंडवात मात्र अशी सवड देत नाही. त्याची नेमकी जागा बहुधा एक ते तीन तास आधीच सांगता येते. ओखीसाठी प्रशासनाकडे दिवस होते; चंडवातासाठी पडावाकडे मिनिटे असतात.

घूर्णवाती वादळ आपल्याकडे येते का?

भारतात या वादळांची नोंद मुख्यतः बंगाल, ओरिसा आणि वायव्य भागांतून होते. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागातून असे वादळ गेले. २८ माणसे दगावली आणि सुमारे ७०० जखमी झाली. २४ मार्च १९९८ रोजी पश्चिम बंगालमधील दांतन आणि लगतच्या ओरिसातील गावांत दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर व सातुरिया येथे आलेल्या वादळात सुमारे १,३०० मृत्यू झाले. जगातील ज्ञात घूर्णवाती वादळांत ते सर्वांत घातक मानले जाते. ही सर्व वादळे पावसाळ्यापूर्वीची आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेत ही वादळे दरवर्षी सरासरी बाराशेच्या आसपास होतात व त्यांचा मुख्य हंगाम वसंत ऋतूत असतो. तरीही १० डिसेंबर २०२१ च्या रात्री, ऐन हिवाळ्यात, केंटकी राज्यातील मेफील्ड गाव अशाच एका वादळाने उद्ध्वस्त केले आणि त्या एका वादळाने ५७ बळी घेतले. ज्या देशात या वादळांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे, तेथेही हंगामाबाहेरचा तडाखा असा बसतो.

दक्षिण गुजरात आणि महाराष्ट्र या भागांत घूर्णवाती वादळ विरळाच येते. पुष्कळदा चंडवाताच्या नुकसानीलाच लोक टोर्नॅडो म्हणतात. दोहोंतील फरक पडझडीवरून ओळखता येतो. झाडे आणि खांब एकाच दिशेने आडवे झाले असतील, किंवा एका जागेपासून पंख्यासारखे बाहेर पसरले असतील, तर तो चंडवात. अरुंद पट्ट्यात ती एकमेकांवर, उलटसुलट दिशांनी फेकली गेली असतील, तर घूर्णवाती वादळाचा संशय घ्यावा. शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी अशीच पडझड वाचून १९७१ साली या वादळांची तीव्रता मोजण्याची श्रेणी तयार केली आणि ढगातून कोसळणाऱ्या वाऱ्याचे स्वरूपही उलगडले. पंचनामा करणाऱ्या तलाठ्याने झाडे कोणत्या दिशेने पडली एवढी एक ओळ लिहून ठेवली, तरी ती पुढील अभ्यासाला मोलाची ठरेल.

वाऱ्याचे बळ किती?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो. वेग १०० झाला की हाच दाब सुमारे ४८ किलो होतो. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद पत्र्याचा किंवा फलकाचा विचार करावा. पहिल्या वाऱ्यात त्याच्यावर सुमारे १०८ किलोंचा रेटा येतो, तर दुसऱ्यात ४३० किलोंहून अधिक. चार दगडांनी दाबलेला पत्रा किंवा दोरीने बांधलेला कागद एवढे बळ सोसू शकत नाही. शिवाय वारा छपरावरून जाताना छपराला वर उचलतो. आतूनही वारा शिरला तर हे उचलणे वाढते.

मोठ्या फलकांचा धोका मुंबईने पाहिला आहे. १३ मे २०२४ रोजी वळवाच्या वाऱ्यात घाटकोपर येथे पेट्रोलपंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ माणसे मरण पावली. त्याआधी ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे, मंदिराच्या आवारात जमलेले भाविक वादळी पावसात पत्र्याच्या शेडखाली थांबले असता शेजारचे जुने कडुनिंबाचे झाड शेडवर पडले आणि सात जणांचा अंत झाला. या दोन्ही ठिकाणी माणसांचा जीव वाऱ्याने थेट घेतला नाही. वाऱ्याने पाडलेल्या वस्तूने घेतला. म्हणून अवेळी वाऱ्यात आसरा शोधताना 'डोक्यावर काय आहे' याइतकाच 'शेजारी काय उभे आहे' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महामार्गालगतच्या पडावांना तर तो विशेष लागू पडतो.

पूर्वचिन्हे आणि तातडीचे उपाय

हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारी अकारण उकाडा वाढला, क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढू लागले, त्यांचा तळ काळा-निळा झाला आणि माथा ऐरणीसारखा पसरला, तर सावध व्हावे. त्यानंतर वारा एकाएकी पडला आणि पाठोपाठ थंड झुळूक आली, तर चंडवात काही मिनिटांवर आला आहे असे समजावे. ही थंड झुळूक सुखद वाटते. परंतु कोसळणाऱ्या हवेचा तो पुढचा काठ असतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर आहे असा हिशेब आहे. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर फडातील काम थांबवून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये.

पाल, झाडाखालची जागा, पत्र्याची उघडी शेड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालची जागा यांपैकी काहीही विजेपासून वा वाऱ्यापासून संरक्षण देत नाही. पक्की इमारत जवळ नसेल तर बंद काचांचा, धातूच्या टपाचा ट्रक किंवा बस बरी. हातात कोयता असल्यामुळे वीज ओढली जाते, हा समज खरा नाही. खरा धोका मोकळ्या रानात उंच उभे राहण्यात आहे. कोणताच आसरा नसेल तर झाडांपासून व खांबांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे आणि एकमेकांपासून अंतर ठेवावे. जमिनीवर आडवे होऊ नये. फिरती सोंड प्रत्यक्ष अंगावर येताना दिसली तरच खोलगट जागी पालथे पडून दोन्ही हातांनी डोके झाकावे.

पडाव सोडण्यापूर्वी चुली विझवाव्यात, कारण पाचट आणि प्लॅस्टिक यांच्यात वाऱ्याबरोबर आग पसरायला वेळ लागत नाही. तुटलेल्या विजेच्या तारेजवळ जाऊ नये व इतरांनाही जाऊ देऊ नये. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्यास घाबरू नये. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्याचा उपचार सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुकादम, कारखाना आणि ग्रामपंचायत

भारतीय हवामान विभाग गडगडाटी वादळाचा तात्कालिक अंदाज तीन तासांपर्यंत देतो, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे प्रसिद्ध करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर जवळपासच्या विजांची सूचना देते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. साधने आहेत, प्रश्न ती पडावापर्यंत पोहोचण्याचा आहे. कामरेजकडे निघालेल्या सूचना गुजरातीत असतात, आणि पालातील माणूस घरी मावची, कोकणी, भिली किंवा अहिराणी बोलतो. सूचना हाती येऊनही ती समजली नाही, तर ती आलीच नाही असे म्हणावे लागेल.

यावर उपाय अवघड नाहीत. पडावाची जागा ठरवतानाच मोठी झाडे, जाहिरात फलक आणि उच्च दाबाच्या तारा यांपासून त्यांच्या उंचीपेक्षा अधिक अंतर राखावे. प्रत्येक पडावासाठी जवळची एक पक्की इमारत हंगामाच्या पहिल्याच दिवशी नेमून द्यावी. मग ती शाळा असो, पंचायतीचे कार्यालय असो की कारखान्याचे गोदाम. तिची किल्ली कोणाजवळ आहे हे टोळीतील प्रत्येकाला ठाऊक असावे. मुकादमाच्या मोबाईलवर इशारा आला की तो टोळीच्या बोलीत सांगण्याची आणि काम थांबवण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी. आणि अशा थांबलेल्या वेळेपायी कोणाची मजुरी कापली जाऊ नये. मजुरी कापली जाण्याची भीती असेल तर गडगडाट ऐकूनही कोयता खाली ठेवला जात नाही.

महाराष्ट्रातील मूळ गावांनाही यात वाटा आहे. टोळ्या निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने कोण कोठे जाणार, मुकादम कोण आणि त्याचा क्रमांक काय, याची नोंद ठेवली, तर संकटात दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना माणसे शोधणे सोपे जाईल. तापीचे पाणी राज्याची सीमा ओलांडते, वाराही ओलांडतो. माहितीही तशीच ओलांडली पाहिजे.

शाळेसाठी पाठ

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकवता येईल. ब्यूफर्ट यांनी १८०५ साली डोळ्यांनी पाहून वाऱ्याचा वेग ठरवण्याची श्रेणी आखली. तिच्या आधारे विद्यार्थ्यांनी पुढील खुणा पाठ कराव्यात. धूळ व कागद उडू लागले तर वेग ताशी २० ते २८ किलोमीटर. लहान झाडे डोलू लागली तर २९ ते ३८. छत्री सांभाळणे कठीण झाले तर ३९ ते ४९. वाऱ्याविरुद्ध चालणे जड झाले तर ५० ते ६१. डहाळ्या मोडू लागल्या तर ६२ ते ७४. कौले व पत्रे उडू लागले तर ७५ ते ८८. झाडे उन्मळून पडली तर वेग त्याहूनही वर गेला, असे समजावे.

शाळेच्या भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा. ज्या दिवशी गडगडाट ऐकू येईल किंवा डहाळ्या मोडतील, त्या दिवशी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा विद्यार्थ्यांनी त्यात लिहावी. तीन-चार वर्षांत गावाजवळ स्वतःचे वाऱ्याचे पंचांग तयार होईल, आणि कोरड्या महिन्यांतील रकाने वाटले होते तेवढे रिकामे नाहीत हे मुलांना आपोआप कळेल. त्यांतील काही मुले पुढच्या हिवाळ्यात आईवडिलांबरोबर कामरेजच्या फडात असतील. आभाळाचा तळ काळा होताना पाहून धाकट्या भावंडाला हाताशी धरून पक्क्या भिंतीकडे धावण्याइतके त्यांनी शिकून घेतले, तरी हा पाठ सार्थकी लागला असे म्हणता येईल.